१ कोटी ७० लाख डॉलरचा खेळाडू महाग की स्वस्त? एनएचएलचा करार मोजायची रीत

३० सप्टेंबर २०२५ रोजी मिनेसोटा वाइल्ड या आइस हॉकी संघाने किरिल काप्रिझोव्हशी आठ वर्षांचा, १३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला सरासरी १ कोटी ७० लाख. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये, तोवर एवढा आकडा कुणी पाहिला नव्हता. करार लागू होतो तो २०२६-२७ च्या हंगामापासून. बातमी येताच चाहत्यांत नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणतो, एवढ्या पैशात दोन खंदे खेळाडू आले असते. दुसरा म्हणतो, असा गोल करणारा पुन्हा कुठून आणणार? दोघंही तावातावाने भांडतात, पण आकडेमोड सहसा कुणीच केलेली नसते.

ती कशी करायची ते इथे दिलं आहे. उदाहरण मुख्यतः काप्रिझोव्हचं आणि जोडीला टोरंटो संघाचं, कारण पगाराच्या वादात टोरंटोचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. कागद-पेन आणि पकपीडियासारखी कराराचे आकडे देणारी साइट एवढं साहित्य पुरतं. सगळे आकडे अमेरिकन डॉलरमध्ये आहेत. मिलियनऐवजी लाख-कोटीत लिहिले आहेत, म्हणजे १ मिलियन तिथे १० लाख.

नियम, कामापुरते

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला. त्यातून सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची मर्यादा, आली. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख होती. २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख आणि २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख. ही पक्की मर्यादा आहे. दंड भरून ती ओलांडायची सोय काही अमेरिकन लीगमध्ये असते, इथे नाही. खालच्या बाजूलाही मर्यादा आहे: २०२५-२६ मध्ये ७ कोटी ६ लाखांपेक्षा कमी खर्च चालत नाही.

आयपीएलच्या लिलावातली पर्स ज्याला कळते त्याला हे निम्मं समजलंच आहे. २०२५ च्या मेगा लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी रुपये होती आणि लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, म्हणजे साडेबावीस टक्के. एनएचएलमध्ये हे नियमातच बसलं नसतं. करार होतो त्या वेळच्या कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त एका खेळाडूला देता येत नाही. काप्रिझोव्हने सही केली तेव्हा कॅप ९ कोटी ५५ लाख होती, म्हणून कमाल आकडा १ कोटी ९१ लाख. त्याने घेतले १ कोटी ७० लाख.

आता एक गैरसमज. ‘मालक अब्जाधीश आहे, त्याचे पैसे वाचवून आपल्याला काय मिळणार?’ हे वाक्य वादात हमखास येतं. पण हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, हे लीगच्या पातळीवर आधीच ठरलेलं आहे. एका स्टारला जास्त मिळाले म्हणून मालकांच्या वाट्यातून काही जात नाही. ते जातात बाकीच्या खेळाडूंच्या वाट्यातून. संघाच्या पातळीवरही तेच, कारण कॅपला भिडलेल्या संघात स्टारचा प्रत्येक जादा डॉलर त्याच ड्रेसिंग रूममधल्या कुणाच्या तरी खिशातून येतो. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पहिली पायरी: योग्य आकडा उचला

करारात तीन आकडे असतात: एकूण रक्कम, मुदत आणि त्या-त्या वर्षी हातात पडणारा पगार. कॅपसाठी यातला तिसरा बिनकामाचा. एकूण रकमेला वर्षांनी भागलं की येते ती कॅप हिट, आणि खेळाडू संघात आहे तोवर ती दर वर्षी तेवढीच राहते. पहिल्या वर्षी २ कोटी दिले आणि शेवटच्या वर्षी १ कोटी, तरी कॅपच्या वहीत सरासरीच लिहिली जाते.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘पुढच्या वर्षी त्याचा पगार कमी होतोय, मग जागा होईल’ असं म्हणणं. होत नाही. वर्षागणिक पगार कुठे लागतो ते पुढे, सातव्या पायरीवर बायआउटच्या (पैसे देऊन करार मुदतीआधी मोडण्याच्या) हिशेबात सांगितलं आहे, आणि तिथे तो चांगलाच लागतो.

दुसरी पायरी: डॉलर विसरा, टक्के काढा

कॅप हिटला करार लागू होणाऱ्या पहिल्या हंगामाच्या कॅपने भागा. काही जण सही केली त्या वर्षाची कॅप घेतात. तेही चालतं, पण तुलना करताना सगळ्यांना एकच माप लावा. आम्ही पहिल्या हंगामाचं लावतो, कारण खेळाडू त्या मापात खेळतो.

अलेक्झांडर ओवेचकिन, २००८-०९: ९५.४ लाख, कॅप ५ कोटी ६७ लाख, १६.८ टक्के.
सिडनी क्रॉस्बी, २००८-०९: ८७ लाख, तीच कॅप, १५.३ टक्के.
पॅट्रिक केन आणि जोनाथन टेव्झ, २०१५-१६: प्रत्येकी १ कोटी ५ लाख, कॅप ७ कोटी १४ लाख, १४.७ टक्के.
कॉनर मॅकडेव्हिड, २०१८-१९: १ कोटी २५ लाख, कॅप ७ कोटी ९५ लाख, १५.७ टक्के.
नेथन मॅकिनन, २०२३-२४: १ कोटी २६ लाख, कॅप ८ कोटी ३५ लाख, १५.१ टक्के.
लिऑन ड्रायझाइटल, २०२५-२६: १ कोटी ४० लाख, कॅप ९ कोटी ५५ लाख, १४.७ टक्के.
किरिल काप्रिझोव्ह, २०२६-२७: १ कोटी ७० लाख, कॅप १० कोटी ४० लाख, १६.३ टक्के.

इतिहासातला सगळ्यात महागडा म्हणून गाजलेला करार ओवेचकिनच्या २००८ च्या करारापेक्षा वाट्याने कमीच निघतो. पण म्हणून तो स्वस्त ठरत नाही. याच यादीतल्या मॅकडेव्हिड आणि मॅकिननपेक्षा तो वरच आहे, आणि काप्रिझोव्ह त्या दोघांपेक्षा सरस आहे असं मिनेसोटातही फारसं कुणी म्हणणार नाही. टक्क्यांवर आल्यावर वाद असा नेमक्या जागी येतो: अव्वल खेळाडूचा बाजारभाव १५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि याला सव्वा टक्का जास्त दिला. २०२६-२७ च्या कॅपमध्ये सव्वा टक्का म्हणजे सुमारे १३ लाख डॉलर. भांडायचं असेल तर ते या १३ लाखांवर. १ कोटी ७० लाखांवर भांडून उपयोग नाही, कारण त्यातले दीड कोटींहून जास्त कुणीही दिलेच असते.

‘क्रॉस्बीसारखं कमी घ्यायला काय झालं?’ या टोमण्याचाही निकाल इथेच लागतो. क्रॉस्बीने ८७ लाख घेतले तेव्हा ते १५ टक्क्यांहून जास्त होते. पुढे तो आकडा त्याने कधी वाढवला नाही. २०२५-२६ मध्ये तेच ८७ लाख कॅपच्या ९ टक्क्यांवर आले. त्याग खरा, पण तो नंतरच्या करारांतला. सहीच्या दिवशीच खरोखर कमी घेतल्याचं अलीकडचं ठळक उदाहरण मॅकडेव्हिडचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने दोन वर्षांसाठी पुन्हा १ कोटी २५ लाखांवरच सही केली. २०२६-२७ मध्ये ते १२ टक्के होतात. फक्त दोनच वर्षांसाठी का, हा त्याच्या एडमंटन संघाच्या पोटात गोळा आणणारा वेगळा विषय.

तिसरी पायरी: उरलेल्यांची पंगत मांडा

स्टारवर किती गेले यापेक्षा उरलं किती आणि त्यात कोण-कोण बसवायचे आहेत हे बघा. संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू. सामन्याला १८ स्केटर (फॉरवर्ड आणि बचावपटू) आणि २ गोलरक्षक.

मिनेसोटाची २०२६-२७ ची मांडणी, लाख डॉलरमध्ये. काप्रिझोव्ह १७०, क्विन ह्यूज ७८.५, ब्रॉक फेबर ८५, मॅट बोल्डी ७०, फिलिप गुस्ताव्सन ६८, योएल एरिक्सन एक ५२.५. सहा जणांचे मिळून ५२४. कॅप १०४०. म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त पैसा सहा जणांवर. जुन्या बायआउटचे साधारण १६.७ वजा करा. उरले सुमारे ४९९, आणि बसवायचे १७ जण. सरासरी २९ लाखांच्या किंचित वर. त्या हंगामात किमान पगार साडेआठ लाख आहे. सतरापैकी सहा-सात जण किमान पगाराच्या आसपास ठेवले, तर बाकी दहा जणांना सरासरी ४४ लाख देता येतात. संघ उभा राहतो, थोडी दमछाक होते, पण राहतो.

आता टोरंटो. २०१९-२० मध्ये जॉन टवारेस, ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर आणि विल्यम नीलँडर या चौघांचे मिळून साधारण ४०५ लाख, कॅप ८१५. इथेही जवळजवळ अर्धी कॅप, पण ती चारच जणांवर, आणि चौघंही फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक फळीतले. बचावफळी आणि गोलरक्षक हे सगळे उरलेल्या अर्ध्यात. मिनेसोटाच्या सहा जणांत दोन बचावपटू आणि एक गोलरक्षक आहे. वाटा सारखाच, पण जागा वेगळ्या, आणि तुमच्या हिशेबात हा फरक दिसलाच पाहिजे. म्हणून नुसती बेरीज न करता चार रकाने करा: सेंटर आणि विंगर (मधले आणि कडेचे फॉरवर्ड), बचाव, गोल. एखाद्या रकान्यात कॅपच्या १० टक्क्यांहून कमी पैसा दिसला तर तिथे एक तर स्वस्तातला तरुण हिरा हवा, नाहीतर ते भोक आहे. १० टक्के हा आमचा ठोकताळा, नियम नव्हे.

टोरंटोच्या गणितात दुसरीही एक गोची झाली. ते करार झाले तेव्हा कॅप दर वर्षी चढत होती, आणि दोन-तीन वर्षांत हा अर्धा वाटा आपोआप चाळिशीकडे उतरेल असा सगळ्यांचा अंदाज होता. मग कोविड आला. ८ कोटी १५ लाखांची कॅप २०१९-२० पासून सलग तीन हंगाम तिथेच थिजली आणि २०२३-२४ मध्येही ८ कोटी ३५ लाखांपर्यंतच पोचली. वाटा खाली यायचा तो आलाच नाही. या चौकडीच्या काळात, २०१९ ते २०२५, संघाने प्लेऑफच्या दोनच फेऱ्या जिंकल्या: २०२३ मध्ये टॅम्पाविरुद्ध आणि २०२५ मध्ये ओटावाविरुद्ध. चाहत्यांनी याचं खापर चौघांच्या हावरेपणावर फोडलं. पण अंदाज चुकला तो कॅपचा. शिवाय एकाच रकान्यात सगळा जीव ओतायचा निर्णय व्यवस्थापनाचा होता. पगार मागणं हे खेळाडूचं कामच आहे.

चौथी पायरी: १० लाख म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

‘१० लाख जास्त दिले’ हे ऐकायला किरकोळ वाटतं. बातम्यांप्रमाणे काप्रिझोव्हने आधी वर्षाला १ कोटी ६० लाखांचा देकार नाकारला होता. म्हणजे ताणून मिळालेले बरोबर १० लाख. त्यांची किंमत दोन प्रकारे काढता येते.

एक, खालच्या फळीत. साडेआठ लाखांच्या जागी साडेअठरा लाखांचा खेळाडू घेता आला असता. चौथ्या लाइनवरच्या, म्हणजे फॉरवर्डच्या शेवटच्या तिकडीतल्या, कामचलाऊ गड्याच्या जागी पेनल्टी किलमध्ये (शिक्षेमुळे संघात एक जण कमी असताना) नियमित खेळणारा, फेसऑफ (खेळ सुरू होताना पकसाठीची झटापट) जिंकणारा माणूस. एखाद-दुसऱ्या सामन्यात तो दिसतो, पण त्याच्यावाचून हंगाम बुडत नाही.

दुसरी रीत जास्त बोचरी आहे. कॅप दिवसांवर मोजली जाते. हंगाम सुमारे १९० दिवसांचा. संघाने दररोज थोडी जागा मोकळी ठेवली की ती साठत जाते. सुरुवातीपासून १० लाखांची जागा राखली, तर मार्चमधल्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला), म्हणजे चाळीसेक दिवस उरलेले असताना, ४५ लाखांच्या आसपास कॅप हिटचा खेळाडू आणता येतो. म्हणजे स्टारचे जादा १० लाख मार्चमध्ये दुसऱ्या फळीतल्या चांगल्या विंगरएवढे होतात. अट एकच: संघ दीर्घकालीन जखमी यादीच्या सवलतीवर (ती पुढच्या पायरीवर) जगत नसावा, कारण तसं असेल तर जागा साठत नाही. हे न बघता पटीचा हिशेब करणारे चाहते दर मार्चमध्ये तोंडघशी पडतात.

पाचवी पायरी: तो किती सामने खेळतो

गोल सगळे मोजतात, हजेरी फार थोडे. २०२१-२२ पासूनच्या चार हंगामांत काप्रिझोव्ह अनुक्रमे ८१, ६७, ७५ आणि ४१ सामने खेळला. ३२८ पैकी २६४, म्हणजे ८० टक्के. त्या सामन्यांत गोल १५८, गुण ३३५. पूर्ण हंगामाच्या मापाने बघितलं तर ८२ सामन्यांत ४९ गोल. हा दर १५-१६ टक्क्यांच्या खेळाडूलाच शोभतो, त्यात शंका नाही. शंका आहे ती उरलेल्या २० टक्क्यांबद्दल.

आणि इथे नवा नियम आडवा येतो. पूर्वी खेळाडू दीर्घकालीन जखमी यादीत गेला, म्हणजे किमान १० सामने आणि २४ दिवस बाहेर, की त्याच्या कॅप हिटएवढी रक्कम वरून खर्च करता यायची. टॅम्पाने २०२०-२१ मध्ये याचा कळस केला. ९५ लाखांचा निकिता कुचेरोव्ह अख्खा साखळी हंगाम बाहेर आणि प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात हजर. तेव्हा प्लेऑफला कॅप लागू नव्हती. टॅम्पाने स्टॅनले कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकला, आणि जल्लोषात कुचेरोव्हने कॅपच्या वर १ कोटी ८० लाख असं छापलेला टी-शर्टही मिरवला. २०२५-२६ पासून दोन्ही पळवाटा आवळल्या गेल्या. प्लेऑफमध्ये बर्फावर उतरणाऱ्या २० जणांची बेरीज कॅपच्या आत बसावी लागते. आणि जखमी खेळाडू त्याच हंगामात परतणार असेल तर सवलत मिळते ती लीगच्या आदल्या वर्षीच्या सरासरी पगाराएवढीच, २०२५-२६ साठी सुमारे ३८ लाख.

म्हणजे ३८ लाखांचा खेळाडू दोन महिने बसला तर त्याची पूर्ण भरपाई होते. १ कोटी ७० लाखांचा बसला तर सव्वा कोटीहून जास्त रक्कम वहीत तशीच पडून राहते. स्टारच्या दुखापतीची किंमत पूर्वीपेक्षा वाढली आहे. काप्रिझोव्हच्या करारावर घेता येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप आमच्या मते हाच, आणि वादात तो क्वचितच ऐकू येतो.

सहावी पायरी: वय आणि वर्षं

काप्रिझोव्ह एप्रिल १९९७ चा. करार लागू होताना २९, संपताना ३७. फॉरवर्डचा बहर साधारण विशीच्या मध्यात ते उत्तरार्धात असतो आणि तिशीनंतर उतार लागतो. त्यामुळे आठ वर्षांच्या पट्टीवर रेघ मारून दोन भाग करा. पहिल्या चार वर्षांत तो पगाराएवढा खेळेल का? शेवटच्या चारांत पगाराच्या किती टक्के खेळेल?

त्याच पट्टीवर कॅपची वाढ लिहा. लीगने २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाखांचा अंदाज दिला आहे. तेवढी झाली तर काप्रिझोव्हचा वाटा दुसऱ्याच वर्षी १५ टक्क्यांवर येतो. त्यापुढे वर्षाला ३ टक्के वाढ धरली तर ३७ व्या वर्षाकडे झुकताना तो साडेबारा टक्क्यांच्या आसपास असेल. पण टोरंटोचं काय झालं ते आठवून दुसरी ओळ शून्य वाढीचीही लिहा. दोन्ही ओळींत करार निभावतो का, ते बघा. एकाच ओळीवर विसंबून केलेला युक्तिवाद अर्धवट.

छोट्या मुदतीचा मोह इथे खूप होतो. मॅथ्यूजने २०१९ मध्ये पाचच वर्षांची सही केली आणि २०२४-२५ पासून तो १ कोटी ३२.५ लाखांवर गेला. उलट मॅकिननने २०१६ मध्ये सात वर्षांसाठी ६३ लाखांवर सही केली आणि कोलोरॅडोने २०२२ चा कप त्या ६३ लाखांच्या जोरावर जिंकला. तरुण खेळाडूला लांब मुदत म्हणजे संघाचा फायदा, तिशीतल्याला लांब मुदत म्हणजे संघाची जोखीम. लांब करार सरसकट वाईट, असं म्हणणाऱ्याला हा फरक विचारा.

मुदतीचा नियमही बदलतो आहे. आतापर्यंत स्वतःच्या संघाला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षं देता येत होती. १६ सप्टेंबर २०२६ पासून ती सात आणि सहा होतात.

सातवी पायरी: बाहेर पडायचे दरवाजे तपासा

करार फसला तर काय? पर्याय मोजकेच आहेत.

खालच्या लीगमध्ये पाठवणं. स्टारच्या बाबतीत हे नावापुरतंच. किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार एवढीच रक्कम वहीतून जाते, २०२५-२६ मध्ये साडेअकरा लाख. बाकीची जशीच्या तशी. शिवाय मोठ्या करारात बहुतेकदा हलवण्यास मनाई करणारं कलम असतं.

पगार राखून ट्रेड. पाठवणारा संघ निम्म्यापर्यंत कॅप हिट स्वतःकडे ठेवू शकतो, पण एका वेळी तीनच करारांची. इथेही मनाईच्या कलमापुढे व्यवस्थापकाचे हात बांधलेले, म्हणून कराराची बातमी वाचताना रकमेनंतर लगेच हे कलम शोधा.

उरतो बायआउट, आणि इथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. नियम असा: खेळाडू २६ किंवा त्याहून मोठा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन-तृतीयांश, त्याहून लहान असेल तर एक-तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात विभागून द्यायचे. सायनिंग बोनस (सहीबद्दल ठरलेली वेगळी रक्कम) मात्र पूर्ण द्यावाच लागतो. दर वर्षीची कॅप हिट मूळ कॅप हिटमधून त्या वर्षी वाचलेला पगार वजा करून येते.

मिनेसोटाचंच उदाहरण घेऊ. २०१२ मध्ये झॅक परिझे आणि रायन सूटर यांना प्रत्येकी १३ वर्षांचे, ९ कोटी ८० लाखांचे करार दिले. कॅप हिट ७५.४ लाख. २०२१ च्या उन्हाळ्यात दोघांचे बायआउट केले. प्रत्येकाचा उरलेला पगार ६०, २०, १० आणि १० लाख, मिळून १ कोटी. दोन-तृतीयांश म्हणजे ६६.७ लाख, आठ वर्षांत वाटले की वर्षाला ८.३ लाख. आता वजाबाकी करा. पहिल्या वर्षी पगार ६०, वाचले ५१.७, कॅपवर उरले २३.७. दुसऱ्या वर्षी पगार २०, वाचले ११.७, उरले ६३.७. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी पगार १०, वाचले जेमतेम १.७, उरले ७३.७.

दोघांचे मिळून तिसऱ्या-चौथ्या वर्षी १ कोटी ४७ लाख. २०२४-२५ ची कॅप ८ कोटी ८० लाख, म्हणजे हे झाले १६.७ टक्के. संघात नसलेल्या दोन माणसांवर मिनेसोटाने त्या हंगामात वाट्याने जेवढं खर्च केलं, तेवढंही २०२६-२७ मध्ये काप्रिझोव्हवर जाणार नाही. आणि तरीही तो संघ २०२५ च्या प्लेऑफमध्ये पोचला होता.

हे का झालं? पगार आधी भरभरून देऊन शेवटची वर्षं चिल्लर ठेवली, म्हणून सरासरी छान दिसली. पण बायआउटच्या वेळी वाचवायला पगारच उरला नाही. म्हणून वर्षागणिक पगाराचा तक्ता बघा. शेवटच्या वर्षांत पगार कमी असेल किंवा बहुतेक रक्कम बोनसची असेल, तर तो दरवाजा बंद समजा.

करांचा मुद्दा, आणि तो कितपत ताणावा

फ्लोरिडा, टेक्सस, नेव्हाडा आणि टेनेसीत राज्याचा आयकर नाही. त्यामुळे तिथला खेळाडू कमी कॅप हिटवर तेवढेच पैसे घरी नेतो. मार्नर टोरंटो सोडून १ कोटी २० लाखांवर वेगासला गेला तेव्हा यावर पुष्कळ चर्चा झाली. मुद्दा खरा आहे, पण बाहेरगावच्या सामन्यांचा कर त्या-त्या ठिकाणी लागतो, त्यामुळे सवलत वाटते तेवढी सरसकट नसते. तुलना करताना या राज्यांतल्या करारांसमोर एक खूण करा आणि पुढे चला. अख्खा युक्तिवाद करांवर उभा करायचा तर खेळाडूचा चार्टर्ड अकाउंटंटच समोर बसवावा लागेल.

काप्रिझोव्हचा निकाल

आमच्या वहीत तो असा लागतो. बाजारभावापेक्षा साधारण १३ लाख जास्त. पहिली चार वर्षं, तो वर्षाला सत्तर सामने खेळला, तर करार निभावतो. पन्नास खेळला तर नाही, आणि नव्या जखमी यादीमुळे ते झाकताही येणार नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तोटा जवळपास ठरलेला, तो सोसायची तयारी ठेवूनच सही झाली आहे. मोठी परीक्षा त्याच्या करारात नाहीच. क्विन ह्यूजचा ७८.५ लाखांचा करार २०२७ च्या उन्हाळ्यात संपतो. तो त्याच्या कामगिरीच्या मानाने फारच स्वस्त आहे आणि पुढचा तसा नसेल. काप्रिझोव्हचे १७० आणि ह्यूजचे समजा १५० धरून तिसऱ्या पायरीतली पंगत ११ कोटी ३५ लाखांच्या कॅपवर पुन्हा मांडून बघा. दोघांतच २८ टक्के जातात. त्यानंतरही बोल्डी ७० आणि एरिक्सन एक ५२.५ वर बांधलेले आहेत, म्हणून गाडं चालेल. मधल्या फळीतल्या कुणाला भावनेच्या भरात ५५-६० लाखांचा सहा वर्षांचा करार दिला, तर मात्र अडेल, आणि तेव्हाही खापर काप्रिझोव्हच्याच डोक्यावर फुटेल.